ट्रम्पेट वाजला की कोणीतरी मरणार

पडद्यावर अमेरिकेची दक्षिण सीमा ओलांडली की दोन गोष्टी हटकून होतात. उजेड पिवळा पडतो आणि कुठूनतरी गिटार वाजू लागते. त्यानंतर गोळी सुटायला फार वेळ लागत नाही.

पिवळ्या रंगाबद्दल बरंच लिहून-बोलून झालंय. ‘ट्रॅफिक’ (२०००) मध्ये स्टीव्हन सोडरबर्गने मेक्सिकोतली दृश्यं तंबाखूच्या रंगाचा फिल्टर लावून घेतली, आणि ती युक्ती पुढे इतकी रुळली की पिवळट धूळ दिसली की प्रेक्षकाला गावाची पाटी वाचायची गरजच उरली नाही. मी हालिस्को राज्यात, ग्वादालाहारात राहते. इथे जूनपासून ऑक्टोबरपर्यंत दुपार कलली की आभाळ भरून येतं, विजा कडाडतात, बघता बघता रस्त्यांचे ओढे होतात आणि आठवड्याभरात टेकड्या हिरव्यागार होतात. असा भिजलेला मेक्सिको हॉलिवूडच्या चित्रपटात क्वचितच भेटतो. पण रंग निदान दिसतो, त्यावर बोट ठेवता येतं. संगीताचं तसं नाही. ते न विचारता आत शिरतं आणि कोणाच्या मरणाचं वाईट वाटून घ्यायचं, कोणाच्या नाही, हे आपल्या वतीने परस्पर ठरवून टाकतं. माझी तक्रार आहे ती याबद्दल.

ट्रम्पेटचंच घ्या. उन्हात रखरखणारा रिकामा रस्ता, धडाधड बंद होणाऱ्या खिडक्या आणि लांबून येणारा एकट्या ट्रम्पेटचा ताणलेला सूर. जगातल्या कुठल्याही प्रेक्षकाला कळतं की हा मेक्सिको आहे आणि आता कोणीतरी मरणार. या सुराचा माग काढत मागे गेलं की ‘रिओ ब्राव्हो’ (१९५९) लागतो. त्यात खलनायक सलूनमधल्या मेक्सिकन वादकांना पैसे देऊन एकच धून पुन्हा पुन्हा वाजवायला लावतो, समोरच्या तुरुंगात पहारा देणाऱ्या शेरीफच्या छातीत धडकी भरावी म्हणून. धुनेचं नाव ‘देग्वेयो’. १८३६ साली टेक्सासमधल्या आलामो या गढीच्या वेढ्यात मेक्सिकन सेनापती सांता आनाच्या सैन्याने याच नावाचा बिगुल वाजवला, कोणालाही जिवंत सोडणार नाही हे बजावण्यासाठी. पण चित्रपटात ऐकू येते ती त्या बिगुलाची चाल नाहीच. ती संगीतकार दिमित्री तिओम्किनने नव्याने रचलेली आहे. पुढे ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ (१९६४) करताना दिग्दर्शक सर्जिओ लिओनेला तसंच काहीतरी हवं होतं. संगीतकार एन्नियो मोरिकोनेने दुसऱ्याची धून वापरायला नकार दिला आणि स्वतःची ट्रम्पेटची चाल बांधली. चित्रपटातलं सीमेवरचं मेक्सिकन गाव उभं राहिलं ते स्पेनमध्ये. तिओम्किनचा जन्म आजच्या युक्रेनमधला, मोरिकोने रोमचा. मेक्सिकोच्या मरणाचा म्हणून जो सूर आपल्या कानात बसलाय, त्यात मेक्सिकोचा हात जवळपास नाहीच.

मोरिकोनेचं संगीत मला अतिशय आवडतं, ते मी आजही ऐकते. पण इथे आल्यावर मी संध्याकाळी विहुएला शिकायला लागले आणि मारियाची, म्हणजे इथला पारंपरिक वाद्यवृंद, काय असतो ते जवळून कळू लागलं. विहुएला म्हणजे पाच तारांची, पाठीला पोक असलेली लहानशी गिटार. तिच्यावर उजव्या हाताचा ठेका सांभाळायचा, एवढंच. खालचा भरदार आवाज असतो गितार्रोन या मोठ्या खर्जाच्या गिटारचा. ते वाजवणारा एका वेळी दोन तारा एकदम ओढतो, एकच सूर दोन सप्तकांत, आणि संध्याकाळ संपेपर्यंत त्याची बोटं लाल होतात. वर व्हायोलिन. ट्रम्पेट या घरात सगळ्यांत शेवटी आला, विसाव्या शतकात, रेडिओ आणि रेकॉर्डिंगच्या जमान्यात. एकोणिसाव्या शतकातल्या मारियाचीत तो नव्हताच.

माझे शिक्षक, मी त्यांना माएस्त्रो म्हणते, आठवड्याचे पाच-सहा दिवस वाजवायला जातात. त्यांची वही पाहिली की गावाचं आयुष्य समोर उभं राहतं. बारसं, मुलीचा पंधरावा वाढदिवस, लग्न, चर्चमधली मिस्सा. १० मे हा इथला मातृदिन, त्याच्या आदल्या मध्यरात्रीपासून उजाडेपर्यंत ते एका खिडकीखालून दुसऱ्या खिडकीखाली धावत असतात. आणि अर्थातच मयत. मी त्यांच्याबरोबर एकदा दफनाला गेले होते. हुआन गाब्रिएलचं ‘आमोर एतेर्नो’ सुरू व्हायच्या आधी दोघे ट्रम्पेटवाले कबरीपासून चार-पाच पावलं मागे सरले आणि त्यांनी भोंग्यात सोर्दिना बसवली, आवाज दबावा म्हणून. व्हायोलिनवाल्यांनी पुढे होऊन ती जागा घेतली. कोणी कोणाला काही सांगितलं नाही. मृताची बायको गात होती, तिच्या आवाजावर ट्रम्पेट चढू नये एवढीच काळजी. मरण आणि ट्रम्पेट यांचं खरं नातं मी पाहिलं ते हे.

गिटारच्या पेटीची गोष्ट मला याहून लागते. रॉबर्ट रॉद्रिगेसने ‘एल मारियाची’ (१९९२) सुमारे ७,००० डॉलरमध्ये केला, सिउदाद आकुन्या या सीमेवरच्या गावात. कथा साधी आहे. काळे कपडे घातलेला एक गरीब वादक गिटार घेऊन काम शोधत गावात येतो. त्याच दिवशी गिटारच्या पेटीत बंदुका घेऊन एक गुंडही येतो. पेटी सारखी, कपडे सारखे, म्हणून मारेकरी वादकाच्या मागे लागतात. शेवटी त्याच्या हातात गोळी घुसते आणि तो हात पुन्हा कधी गिटार वाजवू शकणार नाही. थोडं थांबून पाहिलं तर हा सगळा चित्रपट ठोकळेबाज प्रतिमेने एका माणसाचं काय होतं त्याबद्दलच आहे. लोकांनी पेटी पाहिली आणि आत बंदूक असणार असं गृहीत धरलं. त्यात वादक गेला, आणि जो उरला तो खरोखरच बंदूक बाळगणारा.

मग मोठा पैसा आला आणि तीन वर्षांनी ‘डेस्पेराडो’ झाला. आता मारियाची झाला स्पेनच्या मालागाचा अंतोनिओ बान्देरास, आणि पेटीतल्या बंदुका ही त्याची ऐट झाली. त्याच्या मदतीला येणारे दोन सोबती तर पेटीतूनच गोळ्या झाडतात, पेटीतूनच रॉकेट सोडतात. लॉस लोबोसचं शीर्षकगीत झकास आहे, वर्गात आम्हीही ते वाजवून पाहिलंय. पण पहिल्या चित्रपटातली जखम दुसऱ्यात वेशभूषा बनून गेली, आणि जगभर गाजला तो दुसरा.

माएस्त्रोंना हा चित्रपट माहीत आहे. त्याबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी चित्रपटाचं काही न बोलता एका नाक्याची हकीकत सांगितली. रात्री उशिरा एका लग्नाहून परतताना महामार्गावर सैनिकांनी त्यांची गाडी थांबवली आणि सगळ्यांना पेट्या उघडायला लावल्या. गितार्रोनची पेटी मोठी असते, म्हणून तिला जास्त वेळ लागला. आतलं मखमली अस्तर उचकलं, तारांची पाकिटं बाहेर काढली, झाकणाच्या आत चिकटवलेली सापोपानच्या माउलीची, म्हणजे मेरीमातेची, तसबीरसुद्धा नखाने उचकटून पाहिली. वादक चारो, म्हणजे मेक्सिकन घोडेस्वाराच्या, पोशाखात, चांदीची बटणं लावून, टॉर्चच्या उजेडात हात वर करून उभे. त्या सैनिकांकडे तपासणीला खरं कारणही असेल. या रस्त्यांवर शस्त्रं फिरतात, हे माएस्त्रोही नाकारत नाहीत. मला फक्त त्यांचे वर केलेले हात दिसत राहतात, दिवसभर तारा ओढून सुजलेले.

सगळा दोष बाहेरच्यांवर ढकलून मोकळं होता येत नाही. मूकपटांच्या काळात हॉलिवूडने मेक्सिकन माणूस म्हणजे तेलकट केसांचा दगाबाज, हे इतकं लावून धरलं की १९२२ मध्ये मेक्सिकोच्या सरकारने असले चित्रपट काढणाऱ्या कंपन्यांवर बंदी आणली. पण बोलपट आल्यावर खुद्द मेक्सिकोनेच गाणारा चारो जगाला विकला. ‘आया एन एल रांचो ग्रांदे’ (१९३६) चालला आणि त्या धर्तीच्या चित्रपटांची रांग लागली. १९४१ साली होर्खे नेग्रेते ‘आय हालिस्को, नो ते राहेस’मध्ये आईबापांच्या खुनाचा सूड घेत फिरला आणि त्याच दमात गायला. म्हणजे गाणं आणि पिस्तूल एकाच कमरेला इथल्यांनीही बांधलं, आणि माझ्याच राज्याच्या नावाने बांधलं. फरक आहे तो एवढाच की नेग्रेते गातो तेव्हा त्याला कोणावर प्रेम करायचं असतं, मित्राची थट्टा करायची असते, गावात नाव राखायचं असतं. गाणं त्याचं स्वतःचं असतं. सीमेपलीकडच्या चित्रपटात तेच गाणं त्याच्यावर चिकटवलेली चिठ्ठी होऊन जातं.

नार्कोकोरिदोंबद्दल, म्हणजे अमली पदार्थांच्या तस्करांवरच्या गाण्यांबद्दल, मात्र माझं मन अजून ठरत नाही. कोरिदो ही पोवाड्यासारखी गोष्ट सांगणारी गाणी, १९१० च्या क्रांतीत ती घरोघरी पोहोचली. सत्तरच्या दशकात लोस तिग्रेस देल नोर्ते या सिनालोआ राज्यातल्या बँडने टायरमध्ये गांजा भरून सीमा ओलांडणाऱ्या कामेलिया नावाच्या बाईचं गाणं गायलं आणि तस्करांच्या गाण्यांना एकदम बहर आला. त्या गाण्यावर चित्रपटही निघाला. २००९ मध्ये ‘ब्रेकिंग बॅड’ने एका भागाची सुरुवातच खास रचून घेतलेल्या नार्कोकोरिदोने केली, सिनालोआच्याच वादकांकडून. ते मला पटलं. कारण त्या गाण्यात कथेचा अमेरिकन नायक हाच गाण्याचा विषय होता आणि त्याच्याकडे पाहणारी नजर मेक्सिकन होती.

पण नार्कोकोरिदो गाणाऱ्या चालिनो सांचेसचा तो व्हिडिओ पाहिला की ही गाणी मजेने ऐकवत नाहीत. मे १९९२, कुलिआकानमधला कार्यक्रम. त्याला मंचावर कोणीतरी चिठ्ठी देतं. तो उघडून वाचतो, कपाळावरचा घाम पुसतो, क्षणभर चेहरा पडतो, मग कागद चुरगाळून पुढचं गाणं गायला लागतो. कार्यक्रमानंतर त्याला पळवून नेलं आणि सकाळी त्याचा मृतदेह सापडला. २०२५ च्या एप्रिलमध्ये तेस्कोकोच्या जत्रेत एका गायकाने बंदीमुळे ही गाणी गायला नकार दिला, तर प्रेक्षकांनी मंचावर चढून वाद्यांची नासधूस केली. अनेक राज्यांनी कार्यक्रमांत ही गाणी बंद केली आहेत. बंदीने फार काही साधेल असं मला वाटत नाही. ऐकणाऱ्या पोरांच्या गल्लीतलीच माणसं त्या गाण्यांत आहेत, ती गाणं थांबवून गल्लीतून जाणार नाहीत.

‘सिकारिओ’ (२०१५) उलट दिशेने जातो. गाड्यांचा ताफा सिउदाद हुआरेसमध्ये शिरतो, पुलावर प्रेतं टांगलेली, आणि योहान योहानसनचं संगीत खोल, घसरत जाणाऱ्या खर्जात गुरगुरत राहतं. मेक्सिकन वाद्य एकही नाही. तंत्र म्हणून ते थोर आहे, अंगावर काटा येतो. पण त्या आवाजाखाली शहरातला एकही माणूस ऐकू येत नाही. २०१० मध्ये हुआरेसमध्ये वर्षाला ३,००० हून अधिक खून होत होते, हे खरं. चित्रपट आला तोवर तो आकडा कितीतरी पटींनी खाली आला होता, आणि महापौरांनी लोकांना चित्रपटावर बहिष्कार घालायला सांगितलं. मला बहिष्कार पटत नाही, पण त्यांचा राग मी समजू शकते. एवढ्या मरणातून शहर वर येत होतं आणि जगाने ते पुन्हा एकदा गुरगुरतानाच ऐकलं.

हिंसा दाखवूच नका असं मला अजिबात म्हणायचं नाही. सॅम पेकिनपाहचा ‘द वाइल्ड बंच’ (१९६९) रक्ताने माखलेला आहे. तरी त्यात टोळी गावातून निघते तेव्हा गावकरी ‘ला गोलोंद्रिना’ गातात. हे इथलं निरोपाचं गाणं, नार्सिसो सेर्रादेलचं, निवृत्तीच्या समारंभापासून दफनापर्यंत आजही वाजतं. शेवटच्या कत्तलीनंतर तेच गाणं परत येतं आणि मेलेल्यांचे हसरे चेहरे दिसतात. तिथे संगीत शोक करतं. ज्याने हे गाणं निवडलं त्याला मेक्सिकोत लोक एकमेकांना निरोप कसा देतात ते माहीत होतं.

हेच माहीत नसलं की काय होतं ते ‘एमिलिया पेरेस’ने दाखवलं. जाक ओदियारने हा संगीतपट बहुतांशी पॅरिसजवळच्या स्टुडिओत केला. विषय मेक्सिकोतली बेपत्ता माणसं. ऑस्करची १३ नामांकनं, त्यातली २ पारितोषिकं मिळाली. जानेवारी २०२५ मध्ये तो इथे लागला तेव्हा मी पाहिला. शेवटी टोळीप्रमुखाची मूर्ती खांद्यावर घेऊन मिरवणूक निघते, बँड वाजतो, लोक गातात. मला बसवेना. या शहरात निन्योस एरोएसचं वर्तुळ म्हणून एक चौक आहे, त्याला आता लोक बेपत्तांचा चौक म्हणतात. स्मारकाभोवती हाताच्या उंचीपर्यंत पत्रकं चिकटवलेली असतात. फोटो, वय, उंची, शेवटचे दिसले तेव्हाचे कपडे, अंगावरच्या खुणा. पावसाने शाई उतरते, उन्हाने चेहरे फिके पडतात, मग एखादी आई बादलीत खळ आणि ब्रश घेऊन येते आणि त्याच जागी त्याच मुलाचं नवं पत्रक लावते. खालचं फाडत नाही, त्याच्यावरच चिकटवते, त्यामुळे काही ठिकाणी कागदाचा थर बोटभर जाड झालाय. देशात नोंदलेल्या बेपत्तांची संख्या २०२२ मध्येच १,००,००० च्या पुढे गेली आणि हालिस्को त्यात वरच्या राज्यांत आहे. मार्च २०१८ मध्ये इथून नाहीसे झालेले तिघे चित्रपटाचे विद्यार्थी होते. अभ्यासक्रमासाठी चित्रीकरण करून परतताना त्यांना उचललं. सरकारी वकिलांच्या म्हणण्यानुसार त्यांचे मृतदेह आम्लात विरघळवले गेले, आणि त्या प्रकरणात पकडलेल्यांत एक रॅपर होता.

ज्यांचा मुलगा असा गेला त्यांना त्या पडद्यावर कोरसमध्ये उभं केलेलं पाहणं मला सहन झालं नाही. संगीतपट करू नये असं नाही. कामिला आउरोरा या मेक्सिकन मुलीने ‘योहान साक्रब्लू’ नावाचा छोटा संगीतपट करून फ्रान्सबद्दलचे सगळे साचे, टोपी, मिशा, पाव, एकत्र ओतले आणि ओदियारला त्याच्याच भाषेत उत्तर दिलं. सिनेमागृहातून बाहेर पडलेल्या माझ्यासारख्या कितीतरी जणांना त्या पोरीने मोकळा श्वास दिला.

इथल्या दिग्दर्शकांनी या हिंसेला कसा आवाज दिला ते ऐका. अल्फोन्सो क्वारोनच्या ‘रोमा’त (२०१८) पार्श्वसंगीत नाहीच. धार लावणाऱ्याची बासरी, रताळ्याच्या गाडीची वाफेची शिट्टी, गल्लीतून जाणारा बँड, रेडिओ, बस. १० जून १९७१ चं विद्यार्थ्यांचं हत्याकांड आपण फर्निचरच्या दुकानात ऐकतो. घरकाम करणारी गरोदर क्लेओ बाळासाठी पाळणा बघतेय. खाली मोर्चाच्या घोषणा, मग गोळ्या. पिस्तुलं घेतलेले तरुण वर धावत येतात आणि लपलेल्या एकाला तिथेच मारतात. एक पिस्तूल क्लेओवर रोखलं जातं, ते तिच्या बाळाच्या बापाच्या हातात आहे. तो निघून जातो आणि तिची पाणमोट फुटते. पुढे गाडी वाहतुकीत अडकते आणि आपल्याला फक्त हॉर्न, तिचं कण्हणं आणि मालकिणीच्या आईची प्रार्थना ऐकू येते. कोणी मेला याचं वाईट वाटायला तिथे कोणत्याही वाद्याची मदत लागत नाही.

तातियाना उएसोचा ‘नोचे दे फुएगो’ (२०२१) तर ऐकण्यावरच उभा आहे. सुरुवातीला काळोख आणि धापा. मग दिसतं, की आई आणि लहानगी आना हातांनी माती उकरून खड्डा करतायत, आनाच्या मापाचा, टोळीच्या गाड्या आल्या की तिला लपवायला. आई रात्री तिला आवाज ओळखायला शिकवते. कोणता प्राणी, किती लांब, कोणाची गाडी. अफूची शेती करणाऱ्या या डोंगरातल्या गावात कान तयार असणं म्हणजे जिवंत राहणं, आणि मुली हे खेळता खेळता शिकतात. खलनायकांचे चेहरेही आपण नीट पाहत नाही, त्यांच्या गाड्यांचा आवाज तेवढा रस्त्यावरून चढत येतो.

हा चित्रपट पाहणार असाल तर डब केलेला पाहू नका. मूळ स्पॅनिशमध्ये, सबटायटल लावून, हेडफोन घालून पाहा. मोबाइलच्या स्पीकरवर पहिल्या दृश्यातला मातीचा आवाज येत नाही.